कार्लेस पुयोल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्लेस पुयोल म्हणजे नक्की कोण?

बार्सिलोना आणि स्पेनचा बचावपटू. जन्म १३ एप्रिल १९७८. व्यावसायिक कारकिर्दीत एकच क्लब. १९९९ ते २०१४ बार्सिलोनाचा मुख्य संघ, त्यातली शेवटची दहा वर्षं कर्णधार. स्पेनसाठी १०० सामने, २००८चा युरो (युरोपीय देशांची स्पर्धा) आणि २०१०चा विश्वचषक. लांब कुरळ्या केसांमुळे 'टारझन' हे टोपणनाव पडलं. फुटबॉल न पाहणाऱ्यांनाही तो आठवतो तो त्या केसांमुळेच.

तो बार्सिलोना शहरातलाच ना?

नाही, हा गैरसमज फार पसरलेला आहे. त्याचं गाव ला पोब्ला दे सेगुर. स्पेनमधल्या, स्वतंत्र ओळख जपणाऱ्या कॅटलोनियाच्या लेइदा प्रांतात, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याशी, नोगेरा पायारेसा आणि फ्लामिसेय या दोन नद्यांच्या संगमाजवळ ते वसलेलं आहे. वस्ती तीन हजारांच्या आसपास. लेइदाहून येणारी रेल्वे तिथे संपते, पुढे डोंगरच. बार्सिलोना रस्त्याने दोनशे किलोमीटरच्या आसपास पडतं.

या अंतराचा परिणाम सरळ आहे. बार्सिलोनाच्या उपनगरातला मुलगा दहा-अकराव्या वर्षी क्लबच्या माणसांच्या नजरेत येतो. त्याचा पुढचा सहकारी झावी हा तेरासा शहरातला, तो अकराव्या वर्षी क्लबात आला. पुयोल त्या वयात गावातल्या मुलांबरोबर खेळत होता आणि त्याच्याकडे कुणी पाहत नव्हतं.

तो आधी गोलरक्षक होता हे खरं आहे का?

खरं आहे. शाळेत तो गोलपोस्टमध्ये उभा राहायचा. खांद्यांच्या दुखापतींमुळे ते सोडावं लागलं, मग तो आघाडीला, म्हणजे स्ट्रायकर म्हणून खेळू लागला. बार्सिलोनाच्या युवा संघात गेल्यावर त्याला बचावात्मक मिडफिल्डर केलं, 'ब' संघात राईट-बॅक (उजव्या बाजूचा बचावपटू), मुख्य संघात काही वर्षं राईट-बॅक आणि शेवटी सेंटर-बॅक (मधला बचावपटू).

म्हणजे मैदानाचं एक टोक ते दुसरं टोक, जवळजवळ सगळं फिरून झालं. त्याच्या खेळाचं कोडं यातूनच बरंचसं सुटतं असं मला वाटतं. स्ट्रायकर कुठे पळणार हे त्याला स्ट्रायकर म्हणून ठाऊक होतं, आणि गोलरक्षकाला काय दिसतं, काय दिसत नाही, हेही त्याने तिथे उभं राहून पाहिलेलं होतं.

ला मासियात तो कधी गेला? उशीर झाला होता का?

१९९५ मध्ये, सतराव्या वर्षी. ला मासिया म्हणजे कॅम्प नोऊ स्टेडियमच्या शेजारचं अठराव्या शतकातलं शेतघर. बाहेरगावच्या मुलांसाठी क्लबने १९७९ पासून तिथे वसतिगृह चालवलं. त्या हिशेबाने सतरावं वर्ष फारच उशिराचं. इनिएस्ता बाराव्या वर्षी आला, मेस्सी तेराव्या. क्लबची पास देण्याची, चेंडूविना जागा घेण्याची जी पद्धत इतर मुलं लहानपणापासून घोटत आली होती, ती पुयोलला दोन-चार वर्षांत शिकायची होती.

बार्सिलोनाने त्याला विकायचं ठरवलं होतं, ही अफवा की खरी गोष्ट?

खरी गोष्ट. १९९८ मध्ये मलागा क्लबने त्याच्यासाठी दिलेला प्रस्ताव बार्सिलोनाने मान्य केला होता. म्हणजे क्लबच्या लेखी हा मुलगा जाऊ द्यायला हरकत नव्हती. नकार दिला तो पुयोलने. त्याच सुमारास त्याचा मित्र झावी मुख्य संघातून पहिल्यांदा खेळला, आणि आपणही थांबून पाहावं असं पुयोलने ठरवलं.

छोट्या क्लबात जाऊन रोज खेळायचं की मोठ्या क्लबात बाकावर बसून संधीची वाट पाहायची, हा प्रश्न त्या वयातल्या प्रत्येक खेळाडूला पडतो. बहुतेकांसाठी पहिला पर्यायच शहाणपणाचा असतो. पुयोलचं उदाहरण देऊन कुणाला 'थांब' असा सल्ला देऊ नये. थांबून संपलेले किती, याची यादी कुणी ठेवत नाही.

मुख्य संघात पहिला सामना कधी?

२ ऑक्टोबर १९९९, व्हायादोलिदच्या मैदानावर. बार्सिलोना २–० ने जिंकलं. प्रशिक्षक होते लुई व्हॅन गाल. केस कापायला पैसे नाहीत का, असं व्हॅन गालनी त्याला सुरुवातीला विचारल्याचा किस्सा प्रसिद्ध आहे. केस तसेच राहिले, संघातली जागाही राहिली.

लोकांच्या नजरेत तो पहिल्यांदा कधी भरला?

२१ ऑक्टोबर २००० रोजी. त्या उन्हाळ्यात लुईस फिगो बार्सिलोना सोडून कट्टर प्रतिस्पर्धी रियल माद्रिदला गेला होता आणि माद्रिदच्या पांढऱ्या जर्सीत पहिल्यांदा कॅम्प नोऊवर परतत होता. स्टेडियमचा कानठळ्या बसवणारा राग एकाच माणसावर होता. त्या माणसाला रोखायचं काम दिलं गेलं बावीस वर्षांच्या पुयोलला. तो सामनाभर फिगोच्या सावलीसारखा फिरला, फिगोचं काही चाललं नाही आणि बार्सिलोना २–० ने जिंकलं. महिन्याभरात, १५ नोव्हेंबरला, नेदरलँड्सविरुद्ध त्याला स्पेनची जर्सी मिळाली. त्याआधी सप्टेंबरात सिडनी ऑलिंपिकचं रौप्यपदक झालेलं होतं. अंतिम सामन्यात कॅमेरूनने स्पेनला पेनल्टी शूटआउटवर हरवलं.

इतक्या मोठ्या क्लबात असून सुरुवातीची वर्षं रिकामी का गेली?

कारण तो क्लबच त्या काळात विस्कटलेला होता. १९९९ च्या लीग विजेतेपदानंतर थेट २००५ पर्यंत बार्सिलोनाला एकही मोठा चषक मिळाला नाही. पुयोल आला तो नेमका या दुष्काळाच्या तोंडावर. चार वर्षांत त्याने व्हॅन गाल, सेरा फेरेर, रेशाक, पुन्हा व्हॅन गाल, आन्तिच आणि रायकार्ड असे प्रशिक्षक पाहिले. २००२–०३ च्या मोसमात संघ लीगमध्ये सहावा आला. प्रत्येक नवा प्रशिक्षक नवी रचना आणायचा, नवे खेळाडू यायचे-जायचे. बचावफळीत पुयोल मात्र प्रत्येकाला लागायचाच.

याच वर्षांतला एक क्षण बार्सिलोनाचे जुने चाहते अजून सांगतात. २००२ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) सामन्यात लोकोमोटिव्ह मॉस्कोच्या खेळाडूने गोलरक्षकाला चकवलं, समोर रिकामा गोल. पुयोल रेषेवर धावत पोचला आणि फटका छातीवर घेतला, बरोबर क्लबच्या बोधचिन्हावर. तेव्हा जिंकण्यासारखं काही हाताशी नव्हतं, म्हणून चाहत्यांनी तो फोटोच जपला.

२००४ मध्ये लुईस एन्रिके निवृत्त झाला आणि कर्णधाराची पट्टी पुयोलच्या दंडावर आली. पुढच्याच वर्षी लीग, आणि १७ मे २००६ ला पॅरिसमध्ये आर्सेनलला २–१ हरवून चॅम्पियन्स लीग.

१७८ सेंटिमीटर उंचीचा सेंटर-बॅक? हेडर कसे जिंकायचा?

ही उंची त्या जागेसाठी कमीच. त्याच्याच शेजारी खेळणारा जेरार्ड पिके १९४ सेंटिमीटरचा. पण हवेतल्या चेंडूसाठी उंचीइतकंच वेळ साधणंही लागतं. बहुतेक बचावपटू उभ्या जागेवरून उडी मारतात. पुयोल दोन-चार पावलं मागे थांबायचा, चेंडूची उंची ताडायचा आणि धावत येऊन उडायचा. धावत येणारा माणूस उभ्या माणसापेक्षा वर जातो. शिवाय समोरच्या स्ट्रायकरला तो मागून येताना दिसायचाच नाही. धोका असा, की अंदाज चुकला तर तो चेंडूच्या खाली सापडणार आणि मागे कुणी नसणार. हा अंदाज त्याचा क्वचितच चुकला.

तंत्र बेताचं, जिगर मोठी, असं त्याच्याबद्दल म्हणतात. पटतं का?

अर्धंच पटतं. स्तुती म्हणून म्हटलं जातं, पण त्यात त्याचं नुकसानच आहे.

पायातून चाळीस मीटरचा अचूक पास सोडणारा तो नव्हता, हे मान्य. ते काम राफाएल मार्केस करायचा, नंतर पिके. पण प्रशिक्षक गार्दिओलाच्या बार्सिलोनात बचावपटूंना काय करावं लागायचं ते पाहा. संघ चेंडू घेऊन समोरच्यांच्या अर्ध्यात ठाण मांडायचा. उजवीकडचा दानी आल्वेस जवळजवळ विंगर (कडेने हल्ला करणारा) म्हणून खेळायचा. मागची फळी मध्यरेषेच्या आसपास उभी, आणि तिच्या पाठीमागे आपल्या गोलपर्यंत अर्धं मैदान मोकळं. चेंडू हरवला, की एका लांब पासात समोरचा स्ट्रायकर त्या मोकळ्या अर्ध्यात सुटणार.

अशा रचनेत दोन सेंटर-बॅकपैकी एकाला अखंड हिशेब करत राहावं लागतं: चेंडू आता हरवला तर कुठे पडेल, कोण पळेल, मी पुढे जाऊन अडवू की मागे पळू. हा हिशेब पुयोलचा. लोकांना त्याची ती जमिनीवर झोकून दिलेली टॅकल दिसते, पण तिथे पोचण्यासाठी त्याने तीन सेकंद आधी सोडलेली जागा दिसत नाही. नुसत्या जिगरीवर खेळणारा बचावपटू या संघात महिनाभर टिकला नसता, कारण घाईने पुढे धावणाऱ्याच्या पाठीमागे मोकळं रान असतं.

माझं मत विचाराल तर गार्दिओलाच्या संघाला जितकं धाडस करता आलं, त्यातलं बरंचसं पुयोलच्या भरवशावर होतं. धरणाच्या दरवाजावरचा माणूस जागा असेल तरच पाणी काठोकाठ भरता येतं. झावी, इनिएस्ता, मेस्सी यांच्या खेळावर ढीगभर लिहिलं गेलं. त्यांच्या मागे अर्धं मैदान राखणाऱ्याच्या वाट्याला 'जिगरबाज' हे एक विशेषण आलं. २००६ मध्ये युरोपची फुटबॉल संघटना युएफाने क्लब फुटबॉलमधला सर्वोत्तम बचावपटू म्हणून त्याला गौरवलं, हा त्यातल्या त्यात दिलासा.

पिकेशी त्याची जोडी इतकी का जमली?

दोघे उलट स्वभावाचे होते म्हणून. पिके २००८ मध्ये मँचेस्टर युनायटेडहून परतला. उंच, चेंडूवर सहज, आणि थोडा निवांत. पुयोल त्याला निवांत राहू द्यायचा नाही. पिकेच सांगतो, की संघ तीन गोलांनी पुढे, सामना संपत आलेला, चेंडू पलीकडच्या टोकाला, आणि तरी पुयोल त्याच्या नावाने ओरडतोय. काय झालं विचारलं तर उत्तर एकच: लक्ष ठेव.

कर्णधार म्हणून तो कसा होता? नुसताच ओरडणारा?

ओरडायचा, पण बऱ्याचदा आपल्याच माणसांवर. एप्रिल २०१२ मध्ये रायो व्हायेकानोला बार्सिलोनाने त्यांच्याच मैदानावर ७–० ने हरवलं. एका गोलनंतर थियागो आणि आल्वेस नाचायला लागले. पुयोल धावत गेला, दोघांना बाजूला केलं आणि जागेवर पाठवलं. हरणाऱ्याच्या दारात नाच नको, इतकाच मुद्दा. दोघांचे चेहरे त्या चित्रफितीत पाहण्यासारखे आहेत.

दुसरा प्रसंग २८ मे २०११ चा, वेम्बलीवरचा. मार्च महिन्यात संघातला बचावपटू एरिक अबिदालच्या यकृतातल्या गाठीवर शस्त्रक्रिया झाली होती. अडीच महिन्यांत तो चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात पूर्ण वेळ खेळला. मँचेस्टर युनायटेडवर ३–१ ने विजय. गुडघ्याच्या त्रासामुळे पुयोल स्वतः शेवटची काही मिनिटंच मैदानावर होता. चषक स्वीकारायची वेळ आली तेव्हा त्याने पट्टी काढून अबिदालच्या दंडाला बांधली आणि चषक त्याला उचलायला लावला.

जर्मनीविरुद्धचा तो गोल नेमका कसा झाला?

७ जुलै २०१०, दरबान, विश्वचषकाचा उपांत्य सामना. या जर्मनीने आधीच्या दोन फेऱ्यांत इंग्लंडला ४–१ आणि अर्जेंटिनाला ४–० असं उडवलं होतं. स्पेनने चेंडू आपल्याकडे ठेवला होता, गोल मात्र होत नव्हता.

७३व्या मिनिटाला डावीकडून कॉर्नर. झावीने चेंडू गर्दीच्या मधोमध उंच टाकला. जर्मन बचावपटू पेनल्टी क्षेत्रातल्या स्पॅनिश खेळाडूंना धरून उभे होते. पुयोल क्षेत्राच्या बाहेर होता, त्याला कुणी धरलंच नव्हतं. तो तिथून धावत आला, पिकेही त्याच चेंडूसाठी उडत होता, त्याच्याही वरून पुयोलने डोक्याने चेंडू हाणला. जर्मन गोलरक्षक नॉयरला हालायलाही वेळ मिळाला नाही. धावत येऊन उडण्याची जी सवय वर सांगितली तीच इथे हल्ल्यात वापरली. स्पेन १–० ने जिंकून पहिल्यांदाच विश्वचषकाच्या अंतिम फेरीत गेलं. स्पेनसाठी शंभर सामन्यांत त्याचे गोल तीनच, पण त्यातला एक हा.

सामन्यानंतर राणी सोफिया अभिनंदनाला थेट ड्रेसिंग रूममध्ये गेल्या आणि पुयोलला टॉवेलवरच सामोरं जावं लागलं, हीसुद्धा खरी गोष्ट.

अंतिम सामन्यात रॉबेन त्याला चकवून गेला होता ना?

हो, आणि तो प्रसंग नीट पाहण्यासारखा आहे. ११ जुलै २०१०, जोहान्सबर्ग, नेदरलँड्सविरुद्ध विश्वचषकाचा अंतिम सामना, ८३वं मिनिट, ०–०. डच आघाडीपटू रॉबेन वेगात पुयोलला मागे टाकून निघाला. पुयोलने त्याला धरायचा प्रयत्न केला. त्याला सोळाव्या मिनिटालाच पिवळं कार्ड मिळालेलं होतं. रॉबेन पडला असता तर पंच हॉवर्ड वेब यांनी दुसरं काढून त्याला बाहेर पाठवायला हरकत नव्हती. रॉबेन पडला नाही, पळत राहिला, पण तेवढ्यात त्याचा अर्धा क्षण गेला आणि स्पेनचा गोलरक्षक कासियासने त्याच्या पायातून चेंडू उचलला. रॉबेनने तक्रार केली आणि पिवळं कार्ड त्यालाच मिळालं. डच चाहते यावर अजून चिडतात, आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. ११६व्या मिनिटाला इनिएस्ताचा गोल झाला. बाद फेरीच्या चारही सामन्यांत स्पेनने एकही गोल खाल्ला नाही.

कॅटलान असूनही स्पेनसाठी खेळण्यात त्याला अडचण नव्हती?

नव्हती. तो कॅटलोनियाच्या संघाकडूनही खेळला. त्या संघाला अधिकृत स्पर्धांत स्थान नाही. विश्वचषक जिंकल्यावर मैदानावर त्याच्या आणि झावीच्या हातात कॅटलोनियाचा पिवळा-लाल पट्ट्यांचा झेंडा होता. दोन्ही गोष्टी त्याने लपवल्या नाहीत आणि त्यावर भाषणंही दिली नाहीत.

आकडे थोडक्यात?

बार्सिलोनासाठी ५९३ अधिकृत सामने, १८ गोल. सहा लीग, दोन कोपा देल रे (स्पेनमधली चषक स्पर्धा), तीन चॅम्पियन्स लीग (२००६, २००९, २०११), दोन क्लब विश्वचषक. जर्सी क्रमांक आधी २४, नंतर ५.

तो इतक्या लवकर का थांबला?

गुडघ्यामुळे. ज्या खेळाने त्याला मोठं केलं त्यानेच शरीराची वाट लावली. २०१२ च्या मे महिन्यात गुडघा पुन्हा गेला आणि युरो हुकला. स्पेन तो त्याच्याविना जिंकलं. ऑक्टोबरात बेनफिकाविरुद्ध कॉर्नरवर उडी घेऊन खाली पडताना कोपर निखळलं. फेब्रुवारी २०१३ मध्ये दोहात उरुग्वेविरुद्ध शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना झाला, तोच शेवटचाही. २ मार्च २०१४ ला अल्मेरियाविरुद्ध बार्सिलोना ४–१ ने जिंकलं, त्यात एक गोल पुयोलचा. दोनच दिवसांनी त्याने मोसमाअखेर क्लब सोडत असल्याचं जाहीर केलं. करार २०१६ पर्यंतचा होता. आपल्याला हवा तो दर्जा या गुडघ्यावर पुन्हा गाठता येत नाही, हे त्याने स्वतःच सांगितलं आणि उरलेली दोन वर्षं सोडून दिली. त्यानंतर तो दुसऱ्या कुठल्याही क्लबकडून खेळला नाही.

निवृत्तीनंतर काय करतो?

२०१४ च्या अंतिम सामन्याआधी माराकाना स्टेडियममध्ये विश्वचषक घेऊन येण्याचा मान मॉडेल गिझेल बुंडशेनबरोबर त्याला मिळाला. काही महिने त्याने बार्सिलोनाचे क्रीडा संचालक झुबिझारेता यांना साहाय्य केलं, जानेवारी २०१५ मध्ये झुबिझारेता यांना काढल्यावर तोही बाहेर पडला. पुढे खेळाडूंचं प्रतिनिधित्व करण्याच्या व्यवसायात उतरला. २०१९ मध्ये क्लबने पुन्हा बोलावलं, त्याने नकार दिला.

आज त्याचा खेळ समजून घ्यायचा तर कोणता सामना पाहावा?

गोलांच्या चित्रफिती पाहून काही कळणार नाही. पूर्ण सामनाच पाहायला हवा. २ मे २००९, माद्रिदचं बर्नाबेउ मैदान, बार्सिलोनाने रियल माद्रिदला ६–२ ने हरवलं तो सामना घ्या. विसाव्या मिनिटाला झावीच्या फ्री-किकवर पुयोलचा हेडर आहे, पट्टीचं चुंबन घेत पळणारा पुयोल त्यानंतरचाच. पण ते एकदा पाहून सोडून द्या. नंतर बार्सिलोना हल्ला करत असताना चेंडूवरची नजर काढून मध्यरेषेवर ठेवा, कॅमेरा दाखवेल तेवढा वेळ. हात हलवत पिकेला दोन पावलं डावीकडे सरकवणारा, आल्वेसने मोकळी केलेली बाजू वळून पाहणारा आणि माद्रिदने चेंडू मिळवायच्या आधीच मागे पळू लागलेला पाच नंबर दिसेल.